कावळा कुणाच्या शब्दाला आला

पुणे, ६ मार्च २००५

ती. अण्णा,

तुमच्याकडे फोन नाही, आणि आमच्या घरच्या फोनवर तुम्हाला बोलावलं तर आई शेजारी बसून दोन्हीकडचं ऐकते. म्हणून पत्र.

एक काम आहे. पाठ्यपुस्तकांची चित्रं काढून उरलेल्या वेळात मी दीड वर्ष एक पट रंगवते आहे. परदेशात टॅरो नावाचे जुने पत्ते असतात. त्यातल्या मुख्य बावीस पानांवर राजा, राणी, जोगी, रथ, चांदणी, मरण अशी चित्रं असतात. लोक त्यावरून भविष्य सांगतात. मी ते भविष्यासाठी करत नाही. त्या चित्रांत बसलेली माणसं उठवून तिथं दुसरी माणसं बसवते आहे, ज्यांना कुठल्याच जुन्या पटात जागा मिळाली नाही अशी. ऑगस्टमध्ये पुण्यातच एका लहान हॉलमध्ये प्रदर्शन आहे.

एकवीस चित्रं झाली. तेरावं राहिलं आहे, मरणाचं. मूळ पानावर घोड्यावर बसलेला सांगाडा असतो. मला सांगाडा नको. मला काकीचा दहावा काढायचा आहे. पण आम्ही बायका मागं उभ्या होतो. मला गर्दीच्या पाठी दिसल्या आणि “शिवला, शिवला” एवढं ऐकू आलं.

तुम्ही पिंडाच्या सगळ्यात जवळ होता. कावळा कुठून आला? कसा बसला? कुणाकडं बघत होता? आठवेल तसं लिहा. त्रास होणार असेल तर लिहू नका.

जेवता ना नीट? राखी नमस्कार सांगते आहे. मंचरच्या नेमीचंदांची, माझ्याबरोबर खोली घेऊन राहते ती. दिवाळीत आली होती.

तुमची
तेजू


लोणी, १५ मार्च २००५

चि. तेजस्विनी,

पत्र मिळाले. दोनदा वाचले.

मंचरला बाजारच्या दिवशी एक पोपटवाला बसायचा. पोपट पिंजऱ्यातून बाहेर यायचा, पाकिटांच्या रांगेतून एक ओढायचा आणि दाणा खाऊन परत आत जायचा. पाकिटात देवाचे चित्र आणि खाली भविष्य. तुझ्या काकीला तीन वेळा लक्ष्मी निघाली. चौथ्या वेळी मी त्या पोपटाच्या पंखाला मलम लावून दिले, तेव्हा त्याने शंकर काढला. काकी म्हणाली, “तुमी हात लावला आन लक्षुमी गेली.” तर तुझे पत्ते चांगलेच असतील, पण नोकरी सोडून पोपट घेऊन बसू नकोस, एवढीच विनंती.

आता दहाव्याचे लिहितो. पिंड मांडला तेव्हा साडेनऊ वाजले होते. साडेदहापर्यंत ओढ्याच्या घाटावर एकही कावळा नव्हता. त्याचे कारण मला ठाऊक होते. शेजारच्या गावात एका बागायतदाराचा दहावा होता आणि तिकडे जिलेबी होती. पण लोक म्हणाले, सरूचा जीव कशात तरी अडकला आहे. मग रीतीप्रमाणे एकेकाने शब्द द्यायला सुरुवात केली. तुझे वडील माझ्याविषयी म्हणाले, “सरू, संपतला एकटा पडू देत न्हाई.” कावळा नाही. शेजारचा सोमाजी म्हणाला, “देवळाला दोन पायऱ्या बांधतो.” नाही. कुणी म्हशीचे म्हणाले, कुणी बांधाच्या आंब्याचे. नाही. शेवटी तुझी आई पुढे आली आणि मोठ्याने म्हणाली, “सरू, तेजूचं लगीन औंदा उरकते, तू सुखानं जा.” त्याच वेळी बाभळीवरून कावळा उतरला आणि शिवला. सगळ्यांनी हात जोडले.

कुणाकडे बघत होता ते माझ्या लक्षात नाही.

वहिनी आणि दादा तेव्हापासून स्थळे बघत आहेत. कावळ्याच्या साक्षीने दिलेला शब्द आहे, असे वहिनी म्हणतात. ओतूरकडचे एक चांगले घर कळले आहे. मुलगा ठिबक सिंचनाच्या नळ्या विकतो.

भाकरी अजून फुगत नाही. म्हैस खाते. तिची तक्रार नाही.

तुझा
अण्णा


पुणे, २८ मार्च २००५

ती. अण्णा,

पोपटाचं वाक्य राखीनं कागदावर लिहून भिंतीला लावलं आहे. कुणी आलं की वाचून दाखवते.

माझी चित्रं कशी आहेत ते सांगते, म्हणजे काळजी मिटेल. रथाच्या पानावर आपल्याकडचा बैलगाडा आहे, शर्यतीतला. पुढं घोडी पळते आहे आणि गाडा दोन बाया हाकताहेत, पदर खोचून. कडेला उभे पुरुष फेटे उडवताहेत. जादूगाराच्या पानावर नारायणगावच्या तमाशातला नाच्या आहे, अर्धा चेहरा रंगवलेला, अर्धा धुतलेला. दोन्हीकडून देखणा. राजाच्या जागी धोतर-फेट्यातली एक बाई बसली आहे. ती उठायला तयार नाही. चांदणीच्या पानावर खोडदच्या त्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या ताटलीत एक माणूस उताणा झोपून आकाश बघतो आहे. प्रेमिकांच्या पानावर लेण्याद्रीच्या पायऱ्या आहेत. दोन मैत्रिणी दमून बसल्या आहेत आणि माकड त्यांच्या पिशवीतले पेढे नेतं आहे. त्या एकमेकींकडं बघण्यात इतक्या गुंतल्या आहेत की त्यांना कळलेलंच नाही.

सोबत कावळ्याचं कच्चं चित्र पाठवते. बरोबर आहे का सांगा.

आणि अण्णा, ते नळ्यांचं स्थळ थांबवा. तुमचं आई ऐकेल. कारण मात्र विचारू नका.

तुमची
तेजू


लोणी, १२ एप्रिल २००५

चि. तेजू,

तू काढलेला डोमकावळा आहे, सगळा काळा, जाड चोचीचा. आला तो गावकावळा होता. त्याची मान करडी असते. डाव्या पायाचे एक बोट आखडलेले होते. पिंडाशी आल्यावर त्याने आधी दोन उड्या तिरप्या मारल्या आणि मग चोच लावली. तू दाखवलेस तसा झडप घालून आला नाही. बाकी झाड चांगले जमले आहे.

चित्रांविषयी मला मत देता येत नाही. बैलगाड्याची घोडी मात्र बैलांच्या जरा जास्त पुढे घे, नाहीतर पाय अडकतील.

स्थळाचे मी वहिनींपाशी काढले. त्या म्हणाल्या, “भाऊजी, तुमच्याच बायकूचा जीव अडकला व्हता आन तुमीच आडवं येताय?” मी टोपी उचलून घरी आलो. चार माणसांत बोलणे मला जमत नाही हे तुला माहीत आहे. दादांच्या लग्नात मंगलाष्टकाच्या वेळी सुद्धा मी हळूच अक्षता टाकल्या होत्या. आता पाहुणे १५ मे रोजी, रविवारी, अकरा वाजता येणार आहेत. तू येणार नाहीस असे वहिनींना सांगितले, तर त्या म्हणाल्या, फोटोवर भागवू.

कारण विचारू नका असे तू लिहितेस. मी विचारत नाही. पण वहिनी मला रोज विचारतात, आणि मी रोज म्हशीला पाणी पाजायला उठतो. म्हैस आता पाणी बघून तोंड फिरवते.

अण्णा


पुणे, २० एप्रिल २००५

ती. अण्णा,

म्हशीसाठी तरी कारण सांगते.

राखी माझी नुसती मैत्रीण नाही. आम्ही दोघी जोडीनं राहतो, तुम्ही आणि काकी राहायचा तशा. सहा वर्षं झाली. लेण्याद्रीच्या पायऱ्यांवरच्या त्या दोघी आम्हीच आहोत. पेढे खरंच गेले होते.

मला कुणाशीही लग्न करायचं नाही, कारण माझं झाल्यासारखंच आहे. घरी कुणाला हे सांगितलेलं नाही. काकीला सांगायचं ठरवलं होतं, दिवाळीत. धीर झाला नाही, आणि मग वेळच उरली नाही. आता कावळ्यानं काकीच्या नावानं माझं लग्न ठरवलं आहे, आणि मला काकीचाच राग येतो. ज्या माणसासाठी रडायचं त्याचाच राग आला की चित्र निघत नाही. तेरा नंबरचा कागद कोरा आहे.

तुम्हाला हे वाचून काय वाटेल मला माहीत नाही. जे वाटेल ते लिहा. फक्त लिहा.

तेजू


(पोस्टकार्ड)

पुणे, २ मे

ती. अण्णांना नमस्कार.

हे उघडं कार्ड आहे, वाटेत चारजण वाचतील, म्हणून फक्त हवामान कळवते. इथे दहा दिवस ढगाळ आहे. घरातलं एक माणूस दुपारी अडीचला जिन्यात जाऊन उभं राहतं, कारण तेव्हा पोस्टमन येतो. लोणीहून पाकीट आलं की ऊन पडेल असा अंदाज आहे. पाकिटात रागाचं काही असलं तरी चालेल, पावसाची तयारी आहे. नुसते ढग सोसत नाहीत.

राखी


लोणी, ७ मे २००५

चि. तेजू आणि चि. राखी,

कार्ड पोस्टमनने मला वाचूनच दाखवले. “पुण्यात आत्ता ढग कुठले?” असे त्याने विचारले. मी म्हटले, शहर मोठे आहे, असतील एखाद्या भागात.

उशीर झाला तो रागाने नव्हे. चार वेळा लिहायला बसलो. मी पशुवैद्यकीय दवाखान्यात तीस वर्षे पट्टीबंधक होतो. पाय मोडला तर बांधता येतो. पत्रात कुठे काय बांधायचे ते कळेना. आता जसे घडले तसे लिहितो.

तू कळवलेस ते मला डिसेंबरपासून माहीत आहे. काकी दवाखान्यात असताना एका दुपारी मी मोसंबे सोलत होतो. ती म्हणाली, “तेजूला नवरा नगं. तिला राखी हाय.” मी म्हटले, “म्हंजी?” ती म्हणाली, “म्हंजी मला तुमी हाय तशी. बिया काढा नीट.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, “मी नसले तर त्यांच्या मधी कुणाला पडू देऊ नका.” मी बरे म्हटले. तिला कसे कळले ते मी विचारले. ती म्हणाली, “दिवाळीत चहात साखर किती यावरनं भांडत व्हत्या. असं मैत्रिणी भांडत न्हाईत. असं संसारातच भांडत्यात.”

म्हणजे तुला तिला सांगायचे राहिले नव्हते. ते तिच्यापाशी पोहोचले होते.

आता घाटावरचे. वहिनी मोठ्याने बोलत होत्या तेव्हा मी पिंडाकडे बघून मनात म्हणालो, “सरू, पोरींच्या मधी कुणाला पडू देणार नाही.” माझे वाक्य संपले आणि कावळा उतरला. कुणाकडे बघत होता असे तू विचारलेस. माझ्याकडे. लक्षात नाही असे मी खोटे लिहिले होते.

वहिनींचा शब्द मोडायचा सोपा उपाय मला ठाऊक आहे. कावळ्याला भाषा कळत नाही, तिकडची जिलेबी संपली म्हणून तो इकडे आला, असे सांगायचे. जनावरांतला माणूस म्हणून माझे ऐकतीलही. पण मग माझाही शब्द मोडतो. ती गेल्यावरचे पहिले दोन महिने मी, सरूने ऐकले, एवढ्यावरच काढले. ते मला सोडवत नाही. म्हणून कावळा खोटा असे मी म्हणणार नाही. तो माझ्या शब्दाला आला असे म्हणेन. तेवढे मात्र मला तोंड उघडून म्हणावे लागेल.

यात तुमची गोष्ट बाहेर पडते. काकीचे शब्द आहेत तसे घरात सांगू का? नको असेल तर दुसरे काही बघू. लगेच कळवा, रविवार जवळ आला.

अण्णा


पुणे, १० मे २००५

ती. अण्णा,

सांगा. आईला आणि दादांना सांगा. बाहेर नको. राखीच्या घरी ती तिच्या वेळेनं सांगणार आहे, तोपर्यंत मंचरला बातमी जाऊ नये एवढं बघा.

तुमचं पत्र जिन्यातच वाचलं. वरच्या मजल्यावरच्या बाईंना वाटलं कुणी गेलं की काय. त्यांना म्हटलं, चार महिन्यांपूर्वी गेली, आज रडायला जमलं.

त्याच दिवशी तेरावं पान काढायला बसले आणि आज पहाटे ते संपलं. ओढ्याचा घाट आहे. सगळी माणसं तोंड उघडून बोलताहेत, हात वर करून शब्द देताहेत. पुढं आई आहे, सगळ्यात मोठ्यानं. आणि एका बाजूला एक माणूस तोंड मिटून उभा आहे. कावळा तिरप्या उड्या मारत त्याच्याकडं निघाला आहे. मान करडी केली. बोट आखडलेलं केलं. परदेशच्या पानावर हे चित्र बघून लोक घाबरतात. राखी बघून म्हणाली, “हा तर निरोप्या वाटतो.”

रविवारी काहीही झालं तरी लिहा. जमलं नाही तरी मला वाईट वाटणार नाही. चार माणसांत बोलणं तुम्हाला कसं जातं ते मला माहीत आहे.

तेजू


लोणी, १६ मे २००५

चि. तेजू आणि चि. राखी,

काल सकाळी साडेनऊला दादांच्या घरी गेलो. बाहेरचे कुणी नव्हते. वहिनी पोह्यांसाठी कांदा चिरत होत्या. दादा पेपर वाचत होते. झाले ते जसेच्या तसे लिहितो.

मी म्हटले, “वहिनी, पावण्यांना येऊ नका म्हणून कळवा.”

“का वं भाऊजी? पोहं कमी पडत्यात?”

“कावळा तुमच्या शब्दाला आला नव्हता. माझ्या शब्दाला आला.”

दादांनी पेपर खाली घेतला. “तू तर तोंड मिटून उभा व्हता.”

“मनात बोललो.”

“मनातलं कावळ्याला ऐकू येतं व्हय रं?”

मी म्हटले, “दादा, सरू तर गेलेली हाय. तिला मोठ्यानं बोललेलंच ऐकू येतं, असं कुठं हाय?”

वहिनींनी विळी आडवी केली. “काय बोलला मनात? आता सांगा की. का त्येबी मनातच?”

मग मी सांगितले. मोसंब्यापासून सांगितले. मधे थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर उठून गेलो असतो. कढईतली मोहरी जळाली तरी कुणी उठले नाही.

आधी दादा बोलले. “म्हंजी दोघी पोरीच?”

“व्हय.”

“मग घरातलं ठरवतं कोण?”

“दोघी मिळून ठरवत असत्याल.”

“म्हंजी तिथंबी बायाच ठरवत्यात,” दादा म्हणाले. “हितं तरी मला कोण इचारतंय.” आणि त्यांनी पेपर पुन्हा वर घेतला. तो उलटा होता. बराच वेळ उलटाच होता.

वहिनी मात्र रडायला लागल्या. म्हणाल्या, “सरूला सांगितलं. आईला न्हाई.”

मी म्हटले, “सरूला बी कुणी सांगितलं न्हाई. तिनं वळखलं.”

“मग मी का न्हाई वळखलं?”

मी म्हटले, “तुमाला स्थळं बघायची घाई व्हती.” हे बोलायला नको होते. पण सवय नसल्यामुळे एकदा सुरू झाल्यावर कुठे थांबायचे ते मला समजत नाही.

मला वाटले आता विळी येते. पण वहिनी उठल्या, तोंड धुतले आणि ओतूरला फोन लावला. मी जवळ उभा होतो. म्हणाल्या, “पावणं, येऊ नका. आमच्याकडनं चूक झाली. आमच्या जावंच्या दहाव्याला कावळा शिवला त्यो माझ्या शब्दाला न्हाई, दुसऱ्याच्या शब्दाला शिवला व्हता. आज कळलं.” तिकडच्या माणसाने काही वाद घातला नाही. “असं व्हय,” म्हणाला, “मग ऱ्हाऊ द्या. आमच्या थोरल्याच्या येळंला बी असाच घोळ झाला व्हता.” वर सगळ्यांची खुशाली विचारली. मुलगा, वहिनी म्हणतात, तसा चांगल्या घरचा होता.

दहा माणसांचे पोहे तिघांनी खाल्ले. मोहरी जळकी होती. दुपारी दादा दोन वेळा माझ्याकडे येऊन बसले. दुसऱ्या वेळी जाताना म्हणाले, “सहा वर्सं म्हंजी लई झाली.” चांगले म्हणाले की वाईट ते मला कळले नाही. मला चांगले वाटले.

माझे म्हणशील, तर रात्री झोप लागली. जानेवारीपासून तशी लागली नव्हती.

आज हे पत्र लिहायला बसलो तेव्हा वहिनी भाजीची वाटी घेऊन आल्या. “तेजूला लिवताय? मग मी सांगते त्ये लिवा. शबुद बदलायचा न्हाई.” म्हणून यापुढचे त्यांचे आहे.

“लिवा, आई रागावलीय. राग लग्नाचा न्हाई. म्हंजी त्यो बी हाय, पर त्याचं मी बघते. राग सांगितलं न्हाई त्याचा हाय. राखीवर बी हाय. दिवाळीत चार दिस माझ्या हातचं जेवली, ‘काकू, चटणी लई भारी’ म्हणाली, आन हे यवढं पोटात ठेवलं. लिवलं?”

लिहिले.

“त्या चितराचं काय म्हणत व्हता काल? मला त्यात काढलीय?”

मी तुझे पत्र वाचून दाखवले. सगळी माणसं तोंड उघडून, पुढं आई, सगळ्यात मोठ्यानं.

“मग लिवा, आगस्टात आमी तिघं येतोय. तुमी, मी आन हे. आन तिला म्हणावं, मी वरडत नव्हते. सरू लांब गेलीय म्हणून मोठ्यानं बोलत व्हते. त्या चितरात तसं दिसतंय का बघ. दिसत नसंल तर आमी यायच्या आत नीट कर.”

संपत


(खाली दुसऱ्या अक्षरात, पेन्सिलीने)

माझं लुगडं त्या दिवशी जांभळं होतं. आई.